मज्झिम निकायाचे भाषांतरकार गव्हर्नर : सर रॉबर्ट चाल्मर्स

आपल्या अभ्यासवर्गात पाली ग्रंथांची चर्चा निघाली की एक प्रश्न विद्यार्थ्यांकडून हमखास येतो. ज्या इंग्रजांनी आशियातील देशांवर राज्य केले, त्यांच्यापैकीच काहींनी बुद्धवचनांचे ग्रंथ शोधले, छापले व त्यांची भाषांतरे केली. मग या लोकांचे आपण उपकार मानावेत की त्यांच्या राज्यकारभाराचा त्यांना जाब विचारावा? या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. त्यासाठी एखाद्या माणसाचे चरित्र नीट तपासून पाहावे, म्हणजे उत्तर आपोआप पुढे येते. प्रस्तुत लेखात सर रॉबर्ट चाल्मर्स यांचे चरित्र त्या दृष्टीने पाहावयाचे आहे. ते पालीचे मान्यवर पंडित होते, मज्झिम निकायाचे संपादक व भाषांतरकार होते. आणि १९१३ ते १९१५ या काळात सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, ब्रिटिश गव्हर्नर होते. बौद्धांच्या देशावर पाली जाणणारा गव्हर्नर यावा, हा योग दुर्मिळच. परंतु त्यांच्याच कारकिर्दीत त्या देशातील बौद्धांवर जे दिवस आले, त्यांची आठवण तेथे आजही काढली जाते.

सिलोन आणि पाली विद्या

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. पाश्चात्त्य जगाला पाली भाषेची ओळख मुख्यतः सिलोनमार्गे झाली. जॉर्ज टर्नर हे सिलोनच्या मुलकी सेवेतील अधिकारी. त्यांनी १८३७ साली महावंसाचा पाठ व इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. रॉबर्ट चिल्डर्स हेही त्याच सेवेतील. त्यांनी १८७२ ते १८७५ या काळात पालीचा मोठा कोश सिद्ध केला. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स हेही सिलोनमध्ये नोकरीस होते. तेथील भिक्खूंजवळ ते पाली शिकले आणि इंग्लंडला परतल्यावर १८८१ साली त्यांनी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. रोमन लिपीत छापलेले त्रिपिटक जगभरच्या ग्रंथालयांत गेले ते या संस्थेमुळेच.

येथे एक गोष्ट विसरू नये. या अधिकाऱ्यांना पाली शिकविले ते सिंहली भिक्खूंनी. ताडपत्रांवरील ग्रंथ पिढ्यान् पिढ्या जतन करणारे, नवी नक्कल करून जुनी राखणारे, सुत्ते मुखोद्गत ठेवणारे हे भिक्खू नसते तर लंडनमध्ये छापण्यासारखे काहीच उरले नसते. कोलंबोचे विद्योदय परिवेण १८७३ साली हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी सुरू केले. मराठी वाचकांना हे नाव परके नाही. गोव्यात जन्मलेले आपले धर्मानंद कोसंबी १९०२ साली बौद्ध धर्माच्या ओढीने सिलोनला गेले, ते याच परिवेणात पाली शिकण्यासाठी.

टर्नर, चिल्डर्स व ऱ्हिस डेव्हिड्स हे आधी सिलोनला गेले आणि मग पाली शिकले. चाल्मर्स यांचे उलटे झाले. ते लंडनमध्ये बसून पाली शिकले आणि पंडित म्हणून नाव झाल्यावर सिलोनला गेले. तेही कोणी कनिष्ठ अधिकारी म्हणून नव्हे, तर थेट गव्हर्नर म्हणून.

अर्थखात्यातील पंडित

रॉबर्ट चाल्मर्स यांचा जन्म १८५८ साली लंडनला झाला. सिटी ऑफ लंडन स्कूल व ऑक्सफर्डचे ओरिएल कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. १८८२ साली ते ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्यात, म्हणजे ट्रेझरीत, रुजू झाले. पैशाच्या व्यवहाराचे त्यांचे ज्ञान फार सखोल होते. ब्रिटिश वसाहतींतील चलनाचा इतिहास हा त्यांचा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे तो त्या विषयावरील आधारग्रंथ मानला गेला.

हे सर्व सांभाळून ते पालीचा अभ्यास करीत होते. ऱ्हिस डेव्हिड्स यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १८९५ साली जातकांच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड निघाला. प्रा. कॉवेल यांच्या देखरेखीखाली चाललेल्या या कामातील हा पहिला खंड, त्यातील दीडशे कथांसह, चाल्मर्स यांनी भाषांतरित केला होता. त्यानंतर त्यांनी मज्झिम निकायाकडे लक्ष वळविले. या निकायात १५२ सुत्ते आहेत. त्यांपैकी पहिल्या ७६ सुत्तांचा भाग डॅनिश पंडित ट्रेंकनर यांनी संपादून १८८८ साली प्रसिद्ध केला होता. ट्रेंकनर वारले आणि काम अर्धवट राहिले. उरलेल्या ७६ सुत्तांचे दोन भाग चाल्मर्स यांनी १८९९ पर्यंत पुरे केले.

संपादन म्हणजे काय काम असते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. वेगवेगळ्या लिप्यांतील पोथ्या शेजारी ठेवायच्या. एका पोथीत एक शब्द असतो, दुसरीत दुसरा. कोठे नक्कलकाराची चूक झालेली असते, कोठे ओळ गळलेली असते. प्रत्येक ठिकाणी थांबून कोणता पाठ ग्राह्य धरावा ते ठरवायचे आणि सोडलेला पाठ तळटिपेत द्यायचा. हे काम डोळे शिणविणारे असते, त्यात पैसा नसतो आणि टाळ्याही नसतात. सरकारी नोकरीत राहून चाल्मर्स यांनी ते वर्षानुवर्षे केले. या कष्टांबद्दल त्यांचे ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही.

मधुर सुत्ताचा अभ्यास

चाल्मर्स यांचा आणखी एक लेख आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १८९४ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी जातिविषयक मधुर सुत्त पाठ व भाषांतरासह प्रसिद्ध केले. मज्झिम निकायातील हे ८४ वे सुत्त होय.

या सुत्ताची हकीकत अशी. मधुरेचा, म्हणजे आजच्या मथुरेचा, राजा अवंतिपुत्त हा स्थविर महाकच्चान यांच्या भेटीस येतो आणि विचारतो की, ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, बाकीचे हीन, असे ब्राह्मण म्हणतात. आपले यावर काय मत आहे? महाकच्चान उपदेशाचे व्याख्यान देत नाहीत. ते राजालाच एकेक प्रश्न विचारतात. एखाद्या शूद्राजवळ भरपूर धन असेल तर त्याची चाकरी करण्यास क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य मिळतील की नाही? राजा म्हणतो, मिळतील. वाईट कर्म करणारा ब्राह्मण त्या कर्माच्या फळातून सुटेल काय? राजा म्हणतो, नाही. आणि मग येतो राजाच्या स्वतःच्या अधिकाराचा प्रश्न. एखाद्या क्षत्रियाने चोरी केली, घर फोडले, तर तू त्याचे काय करशील? राजा उत्तर देतो की, त्याला दंड करीन, कारण त्याचे क्षत्रिय हे नाव आता गेले, तो केवळ चोर ठरला. ब्राह्मणाचे, वैश्याचे, शूद्राचेही तसेच.

या संवादात न्यायाचे एक मोठे तत्त्व सांगितले आहे. शिक्षा कृत्याला असते, कुळाला नसते. चोराचे कुळ पाहून शिक्षा कमी करता येत नाही. आणि त्याच न्यायाने, एखाद्याचे कुळ पाहून, त्याने चोरी केली नसतानाही त्याला शिक्षा करता येत नाही. हे सुत्त पाश्चात्त्य वाचकांपुढे मांडणाऱ्या पंडिताच्या हाती एकोणीस वर्षांनी एका देशाची दंडसत्ता आली. म्हणून हे सुत्त वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील भागात आपल्याला त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

गव्हर्नरपदावर नेमणूक

नोकरीत चाल्मर्स चढत गेले. १९०७ साली ते प्राप्तिकर व अन्य कर पाहणाऱ्या इनलँड रेव्हेन्यू खात्याचे प्रमुख झाले. लॉईड जॉर्ज यांच्या १९०९ च्या गाजलेल्या अंदाजपत्रकाच्या वेळी ते याच पदावर होते. १९११ साली ते ट्रेझरीचे स्थायी सचिव झाले. ब्रिटिश नोकरशाहीतील हे सर्वोच्च पदांपैकी एक. तेथून १९१३ च्या ऑक्टोबरात ते सिलोनचे गव्हर्नर म्हणून कोलंबोस आले.

त्या वेळी सिलोनमध्ये बौद्ध समाज जागा होत होता. अनागारिक धर्मपालांनी १८९१ साली महाबोधी सोसायटी स्थापन केली होती. गावोगावी बौद्ध शाळा निघत होत्या. दारूबंदीची चळवळ १९०४ पासून जोर धरीत होती आणि सरकारने दारूच्या दुकानांचे धोरण बदलल्यावर १९१२ साली ती पुन्हा उसळली. दारूवरील कर हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार होता. त्यामुळे पंचशीलातील पाचवे शील पाळा असे सांगणारे लोक अधिकाऱ्यांना राजद्रोही वाटू लागले. धर्माच्या आडून राजकारण चालले आहे, असा संशय सरकारच्या मनात बसला होता. त्यात ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि प्रत्येक हालचालीत शत्रूचा हात दिसू लागला.

१९१५ ची वैशाख पौर्णिमा

दंगलीचे मूळ गंपोळ या गावच्या एका वादात होते. तेथील देवालयाची पेरहेरा, म्हणजे वाजतगाजत निघणारी मिरवणूक, एका नव्या मशिदीसमोरून वाद्ये वाजवीत नेण्यास १९१२ साली मनाई झाली. १८१५ च्या कँडी कराराने बौद्ध धर्माच्या रूढींना संरक्षण दिले आहे, असा देवालयाच्या बाजूचा दावा होता. कँडीच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश पॉल पीरिस यांनी जून १९१४ मध्ये तो मान्य केला. परंतु फेब्रुवारी १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. कराराला शंभर वर्षे पूर्ण होण्याच्या वर्षीच हे घडल्याने बौद्धांच्या मनाला ते फार लागले.

दुसरीकडे, दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांविषयी असंतोष होता. युद्धामुळे महागाई वाढली होती आणि गावातील दुकानदार बहुधा हेच असत. वृत्तपत्रांतून त्यांच्याविरुद्ध कडवट लिखाण येत होते.

२८ मे १९१५ रोजी वैशाख पौर्णिमेच्या रात्री कँडी शहरात बौद्धांची भक्तिगीते गाणारी मिरवणूक कॅसल हिल रस्त्यावरील मशिदीजवळ आली आणि तेथे तंटा झाला. दगडफेकीचे पर्यवसान दंगलीत झाले. ती कोलंबोत पोचली, तेथून अनेक जिल्ह्यांत पसरली. सरकारी आकड्यांनुसार २५ मुसलमान मारले गेले, १८९ जखमी झाले, चार हजारांहून अधिक दुकाने लुटली गेली आणि अनेक मशिदी जाळण्यात वा मोडण्यात आल्या.

हे आकडे आपण बौद्ध म्हणून खाली मान घालून वाचले पाहिजेत. तथागतांच्या जन्माचा, संबोधीचा व महापरिनिर्वाणाचा तो पवित्र दिवस. घराघरांवर आकाशकंदील लागलेले. आणि त्याच रात्री, त्याच कंदिलांच्या उजेडात, स्वतःला बौद्ध म्हणविणाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरे-दुकाने फोडली. पुढे सरकारने जे केले त्याची चर्चा करताना हे आधीचे पान फाडून टाकणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

लष्करी कायद्याचे दिवस

२ जून १९१५ रोजी गव्हर्नर चाल्मर्स यांनी लष्करी कायदा पुकारला. सुरुवातीस काही प्रांतांत, मग आणखी प्रांतांत तो लागू झाला. दंगल पहिल्या आठ-दहा दिवसांतच बहुतांशी शमली. लष्करी कायदा मात्र ३० ऑगस्टपर्यंत चालू राहिला. नेहमीची न्यायालये उपलब्ध असताना लष्करी न्यायालयांपुढे खटले चालले. पंजाबी पलटणीचे शिपाई व युरोपीय मळेवाल्यांमधील स्वयंसेवक गावोगाव पाठविण्यात आले. खटला न चालविता माणसे गोळ्या घालून मारल्याच्याही तक्रारी झाल्या.

सरकारचा समज असा झाला की, हा दोन समाजांतील दंगा नसून राज्याविरुद्धचा कट आहे. त्यामुळे दारूबंदी चळवळीतील पुढारी एकामागून एक पकडले गेले. एफ. आर. सेनानायक, त्यांचे धाकटे बंधू डी. एस. सेनानायक, पाली व सिंहलीचे अभ्यासक डी. बी. जयतिलक, डब्ल्यू. ए. डि सिल्वा ही त्यांतील काही नावे. यांपैकी कित्येकांनी दंगल शमविण्यासाठीच धावपळ केली होती.

दोन व्यक्तींची हकीकत विशेष हृदयद्रावक आहे. हेन्री पेड्रिस हा कोलंबोतील एका धनिक व्यापाऱ्याचा मुलगा. तो सरकारच्याच नगररक्षक दलात कॅप्टन होता. त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवून लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला आणि ७ जुलै १९१५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या वेळी त्याचे वय २६ वर्षांचे होते. मुलाच्या स्मरणार्थ वडिलांनी पुढे कोलंबोत इसिपतनाराम हे विहार बांधले, ते आजही उभे आहे. दुसरे एडमंड हेवावितरणे, अनागारिक धर्मपालांचे सख्खे बंधू. त्यांना जन्मठेप झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जाफनाच्या तुरुंगात विषमज्वराने त्यांचा अंत झाला. धर्मपाल स्वतः त्या वेळी कलकत्त्यात होते. त्यांना तेथेच स्थानबद्ध करण्यात आले आणि मायदेशी परतण्यास कित्येक वर्षे परवानगी मिळाली नाही.

आता मधुर सुत्ताकडे वळू. ज्यांची दुकाने लुटली गेली त्यांना भरपाई मिळणे आवश्यकच होते. परंतु ती वसूल कोणाकडून झाली? ज्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला त्यांच्याकडूनच नव्हे, तर दंगलग्रस्त भागातील सरसकट सिंहली रहिवाशांकडून. लुटीत ज्याचा हात नव्हता, किंबहुना ज्याने शेजारच्या मुसलमान कुटुंबाला आपल्या घरात लपविले असेल, त्यालाही केवळ सिंहली म्हणून पैसे भरावे लागणार. महाकच्चानांनी राजाला जो प्रश्न विचारला होता तो येथे उलट दिशेने उभा राहतो. ज्याने चोरी केली नाही, त्याला चोरांच्या कुळात जन्मला म्हणून दंड करशील काय? अवंतिपुत्त राजा या प्रश्नाला 'नाही' म्हणाला असता. सुत्ताच्या भाषांतरकाराने हाती सत्ता असताना 'होय' म्हटले.

चाल्मर्स यांच्याविषयी न्यायाने बोलायचे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच १९१५ साली महायुद्धात त्यांचे दोन्ही मुलगे मारले गेले. त्या दुःखाचा भार वाहत ते राज्यकारभार करीत होते. या वस्तुस्थितीने त्यांच्याविषयी करुणा वाटते, वाटलीच पाहिजे. परंतु करुणा वाटणे वेगळे आणि अन्यायाला अन्याय न म्हणणे वेगळे. ज्यांची मुले कोलंबोत मारली गेली त्या आईबापांचे दुःखही त्याच मापाने मोजले पाहिजे.

दाद मागणारे कोण होते?

या काळात बौद्धांच्या बाजूने उभे राहिलेले दोन पुरुष विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावेत. पहिले सर पोन्नंबलम रामनाथन. ते तामिळ होते, हिंदू होते. कायदेमंडळात उभे राहून त्यांनी लष्करी कायद्यातील अत्याचार व सरसकट वसुली यांचा समाचार घेतला आणि पुढे लंडनला जाऊन तेथे १९१६ साली या विषयावर ग्रंथच प्रसिद्ध केला. दुसरे ई. डब्ल्यू. परेरा. ते ख्रिस्ती होते. वसाहत मंत्र्यांपुढे गाऱ्हाणे मांडण्यासाठी ते इंग्लंडला गेले. सैन्याधिकाऱ्याच्या गुप्त हुकुमाची प्रत त्यांनी बुटाच्या तळव्यात लपवून नेली, असे सिलोनमध्ये आजही सांगितले जाते.

म्हणजे पाहा, पाली जाणणाऱ्या राज्यकर्त्याच्या हुकमतीत बौद्धांवर अन्याय झाला आणि त्याविरुद्ध आवाज उठविला तो एका हिंदूने व एका ख्रिस्ती गृहस्थाने. धम्म कोणाच्या ओठांवर आहे यापेक्षा तो कोणाच्या आचरणात उतरला आहे हे पाहावे लागते, ते यासाठी.

डिसेंबर १९१५ मध्ये चाल्मर्स यांना परत बोलाविण्यात आले. त्यांच्या जागी आलेले सर जॉन अँडरसन यांनी गोळीबाराच्या काही प्रकरणांची चौकशी करविली. अनेकांच्या शिक्षा कमी झाल्या, कैदी सुटले. परंतु गेलेले जीव परत येणार नव्हते. या घटनांतून सिलोनमधील सुशिक्षित वर्ग एकत्र आला आणि १९१९ साली सिलोन नॅशनल काँग्रेस स्थापन झाली. रामनाथन यांचे बंधू पोन्नंबलम अरुणाचलम हे तिचे पहिले अध्यक्ष. १९१५ साली तुरुंगात गेलेले डी. एस. सेनानायक पुढे १९४७ साली देशाचे पहिले पंतप्रधान झाले.

पुन्हा ग्रंथांकडे

इंग्लंडला परतल्यावर चाल्मर्स यांच्या उत्कर्षात खंड पडला नाही. १९१६ च्या ईस्टर उठावानंतर त्यांना काही महिने आयर्लंडच्या कारभारासाठी डब्लिनला पाठविण्यात आले. ट्रेझरीचे संयुक्त स्थायी सचिव म्हणून १९१९ पर्यंत त्यांनी काम केले. युद्धकाळात अर्थशास्त्रज्ञ केन्स हे त्याच खात्यात होते. १९१९ साली चाल्मर्स लॉर्ड झाले. पुढे ते काही काळ रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष होते. १९२४ ते १९३१ पर्यंत केंब्रिजच्या पीटरहाऊस या सर्वांत जुन्या कॉलेजचे ते मास्टर, म्हणजे प्रमुख होते.

याच उत्तरायुष्यात त्यांचे सर्वांत मोठे काम हातावेगळे झाले. संपूर्ण मज्झिम निकायाचे त्यांचे इंग्रजी भाषांतर दोन खंडांत १९२६ व १९२७ साली प्रसिद्ध झाले. सुत्तनिपाताचे त्यांचे भाषांतर १९३२ साली हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाले. आय. बी. हॉर्नर यांचे नवे भाषांतर १९५४ पासून येऊ लागेपर्यंत इंग्रजी वाचकांसाठी मज्झिम निकायाचे मुख्य साधन चाल्मर्स यांचे भाषांतरच होते. आपल्याकडे राहुल सांकृत्यायन यांचा हिंदी मज्झिम निकाय १९३३ साली आला.

या भाषांतरात अंगुलिमालाचे सुत्त आहे. शेकडो जीव घेणारा माणूसही बदलू शकतो, असे सांगणारे. त्यात करवतीच्या उपमेचे सुत्त आहे. दरोडेखोर करवतीने अंग कापू लागले तरी मनात द्वेष येऊ देऊ नये, असे शिकविणारे. १९१५ च्या कोलंबोतून परतलेल्या माणसाने ही सुत्ते इंग्रजीत उतरविताना काय विचार केला असेल, हे आपल्याला सांगता येणार नाही. १९३८ साली चाल्मर्स यांचे निधन झाले. मुलगे आधीच गेल्यामुळे त्यांची लॉर्ड ही पदवीही त्यांच्याबरोबर संपली.

आपण काय घ्यावे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. चाल्मर्स यांचे उपकार मानावेत की जाब विचारावा? उत्तर असे की, दोन्ही करावे, आणि एकाने दुसरे पुसले जाऊ देऊ नये. त्यांच्या संपादनाचा व भाषांतराचा लाभ घेताना पेड्रिस व हेवावितरणे यांची आठवण ठेवावी. आणि त्यांच्या राज्यकारभाराचा निषेध करताना त्यांचे ग्रंथ जाळण्याच्या लायकीचे ठरवू नयेत. माणसाच्या कर्मांची खाती वेगवेगळी असतात. एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यात वर्ग करता येत नाही.

बौद्ध परंपरेत परियत्ती, पटिपत्ती व पटिवेध अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. परियत्ती म्हणजे ग्रंथांचे अध्ययन, पटिपत्ती म्हणजे आचरण, पटिवेध म्हणजे प्रत्यक्ष अनुभव. पहिली पायरी चढून तेथेच बसणाऱ्याला धम्मपदात दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्याची उपमा दिली आहे. गाई पुष्कळ मोजल्या, दूध मात्र त्याच्या वाट्यास नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रज्ञेबरोबर शील व करुणा यांचा आग्रह का धरीत असत, हे या चरित्रावरून चांगले समजते. शीलावाचून विद्या सत्तेच्या हाती पडली की ती सत्तेचीच चाकरी करते. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब सिलोनला गेले, ती परिषद कँडीलाच भरली होती. पस्तीस वर्षांपूर्वी जेथे दंगलीची ठिणगी पडली त्याच शहरात.

मात्र हा धडा केवळ चाल्मर्स यांच्यासाठी आहे असे समजून आपण मोकळे होऊ नये. त्या रात्री मिरवणुकीत गाथा म्हणणाऱ्यांनाही पंचशील पाठ होते. पंडिताला सुत्त पाठ होते, जमावाला शील पाठ होते आणि कसोटीच्या वेळी दोघांच्याही कामी ते आले नाही. उद्या आपल्या वस्तीत, आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत, एखाद्या वळणावर तंटा उभा राहिला तर आपण काय करू? समोरच्या समाजातील एकाने दगड मारला म्हणून त्या समाजातील सर्वांना दोषी धरू काय? मधुर सुत्त आपल्याला हाच प्रश्न विचारीत आहे. त्याचे उत्तर वहीत लिहून भागत नाही. ते त्या वळणावर द्यावे लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पाली ग्रंथ पाश्चात्त्य जगात पोचविण्यात सिलोनच्या भिक्खूंचा व मुलकी अधिकाऱ्यांचा वाटा काय होता?

२. मधुर सुत्तात महाकच्चान व अवंतिपुत्त राजा यांच्या संवादातून न्यायाचे कोणते तत्त्व पुढे येते? १९१५ च्या सरसकट वसुलीला ते लावून दाखवा.

३. १९१५ च्या दंगलीची धार्मिक व आर्थिक कारणे कोणती? लष्करी कायदा दंगल शमल्यावरही चालू ठेवणे योग्य होते काय?

४. रामनाथन व परेरा यांच्या कार्यापासून आपण कोणता बोध घ्यावा?

५. परियत्ती व पटिपत्ती यांतील फरक आपल्या दैनंदिन जीवनातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा. उदाहरण दुसऱ्याचे नको, स्वतःचे असावे.